जेवणानंतरची रेघ

फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या एका किराणा मार्टात काउंटरपाशी उभी होते. साबण, चहापत्ती, फिनाइल... काउंटरवरची बाई एकेक वस्तू उचलून लाल उजेडासमोर धरत होती आणि यंत्र टुक टुक करत होतं. तो आवाज मला अजून नीट ऐकवत नाही, म्हणून मी एरवी कोपऱ्यावरच्या साध्या दुकानातच जाते, पण त्या दिवशी ते बंद होतं. फोनवर विजय होता, गुलाबदादांचा मुलगा. "मॅडम, बापू गेले. सकाळीच. दम लागला न... मंग उठलेच नाही." मी काय बोलले ते आठवत नाही. बाईनं "पिशवी आणली का, मॅडम?" असं दोनदा विचारल्याचं तेवढं आठवतं. सामान तिथंच टाकून मी बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले.

याला आता सहा आठवडे झाले. या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल चांगलं लिहितात. मला एक वाईट लिहायचं आहे आणि ते माझ्याबद्दलचं आहे. गुलाब राठोड मिस्त्रींबद्दल सांगण्यासारखं सगळं चांगलंच आहे. पण घाटंजीकडे आजही कुणी कापसाच्या जिनिंगमधल्या आगीचा विषय काढला की लोक हटकून म्हणतात, "हो, थे गुलाब मिस्त्रीच्या हातून गेलेली गठाण." विजयच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा कुण्या शहाण्यानं हे ऐकवलं होतं. ते वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी अकरा वर्षं मूग गिळून बसले.

आमचं घर कचेरीतल्या लोकांचं. आजोबा कारकून, बाबा कारकून, फाइलीला पिन तिरकी लागली तरी आमच्या घरात जेवण गोड लागत नसे. बाबांना अर्धांगवायू झाला आणि ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली, कॉम्प्युटरच्या क्लासचं सर्टिफिकेट हातात घेऊन नोकरी शोधत होते. घाटंजीच्या बाहेर रस्त्याला लागून एक जिनिंग-प्रेसिंग होतं, कापसातली सरकी काढून रुई दाबणारा कारखाना, तिथं लागले. कापसाची ती वाईट वर्षं होती. आजूबाजूच्या अर्ध्या जिनिंगांना कुलपं लागलेली, आमचं कसंबसं सुरू. झरी जामणीपासून कापूस यायचा. गाड्या खाली होताना माणसं एकमेकांशी फारसं बोलत नसत, आपल्या ढिगाकडं बघत उभी राहत. तो शुकशुकाट मला पहिल्याच आठवड्यात जाणवला होता, पण मी आपली माझ्या कॉम्प्युटरात मग्न. बाहेरच्या सूतगिरण्यांना प्रत्येक गठाणीवर बारकोड पाहिजे होता आणि मालकांनी ते काम माझ्यावर टाकलं होतं.

गठाण म्हणजे दाबून बांधलेल्या रुईचा गठ्ठा, माणसाच्या छातीइतका उंच, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला. मी डेटाबेसमध्ये एक टेबल केलं, त्यावर फॉर्म, त्यावर लेबलाचा रिपोर्ट. बारकोडचा फॉन्ट मिळवून घातला. लेबल छापलं, झकास काळ्या रेघा उमटल्या, आणि स्कॅनर काही बोलेना. दोन दिवस मी त्याच्यासमोर लेबलं नाचवली. गुलाबदादा प्रेसवरून येऊन दारात उभे राहायचे. पन्नाशीचा माणूस, खाकी पूर्ण बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल. प्रेस सगळी त्यांच्या हाताखाली होती. "काय झालं मॅडम, मुकंच हाय का थे?" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मला कळलं की आकड्याच्या आधी आणि नंतर एकेक चांदणीचं चिन्ह घालावं लागतं, त्याशिवाय स्कॅनरला कुठं सुरू न् कुठं बंद हेच समजत नाही. चांदण्या घातल्या आणि टुक् झालं. गुलाबदादा इतके दचकले की कानावरची पेन्सिल खाली पडली. मग हसले. "लेकरासारखं हाय. दोन्हीकून हात धरा तवाच बोलते."

त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे नाक. जिनिंगमध्ये कापसात एखादा खडा, एखादा खिळा येतो, पात्यावर घासतो आणि ठिणगी पडते. वरची आग पाण्यानं विझते. पण एखादी ठिणगी रुईबरोबर पुढं जाते आणि गठाणीच्या पोटात दाबली जाते. बाहेरून काही दिसत नाही. चार दिवस, आठ दिवस, कधी पंधरा दिवस ती आत राहते. "गठाण पेटत नाही मॅडम, गठाण शिजते," दादा म्हणायचे. "माया भाऊ राजूरले खदानीत हाय. थो सांगते, कोयसाबी असाच शिजते जमिनीत. वरून लोक चालत राहते, न खाली आंगार." ऐकून मी तो विषय बदलला होता. ठिणगी पडली की नंतरच्या गठाणी मैदानात वेगळ्या उभ्या करायच्या, एकीला एक न लागता, ही तिथली रीत. त्याला आजारी लाइन म्हणत. शिवाय दादांची आपली एक रीत होती. त्यानंतरचे आठ दिवस ते रोज सकाळी गोदामातल्या एकूणएक गठाणीला तळहात लावून, नाक टेकवून फिरायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला आई हात लावते तसा हात लावत. दीड-दोन तास जायचे त्यात.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं. जेवणाच्या सुट्टीनंतर दाबलेल्या प्रत्येक गठाणीच्या लेबलावर ते पेन्सिलनं एक आडवी रेघ मारत. सकाळची टोळी वेगळी, दुपारची वेगळी. कुणी किती गठाणी काढल्या यावरून भांडण नको म्हणून. मला त्या रेघेचा भारी राग यायचा. एवढं स्वच्छ छापलेलं लेबल, आणि त्यावर ही शिसपेन्सिल! "दादा, कॉम्प्युटर सांगतो ना सगळं, कशाला घाण करता?" मी म्हणायचे. ते म्हणायचे, "तुमचा कॉम्पुटर तुमाले सांगते. माया पोट्ट्यायले रेघ सांगते." आणि मारायचेच.

मग एकदा तीन गठाणी हरवल्या. दादा शपथेवर सांगत होते की त्या ट्रकवर चढल्या. मी स्कॅन तपासून सांगितलं की चढल्या नाहीत, गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी असणार. निघाल्या तिथंच. त्या दिवसापासून त्या माणसाचा माझ्या यंत्रावर असा विश्वास बसला की मलाच ओशाळायला व्हायचं. खंडेनवमीला प्रेसची, पान्यांची, गठाणी ओढायच्या आकड्यांची पूजा झाली, तसे ते माझ्या खोलीत आले आणि स्कॅनरच्या काचेवरच हळद-कुंकू लावून मोकळे झाले. चार दिवस तो अडखळत होता. मी कापूस पाण्यात भिजवून काच पुसत बसले आणि त्यांना म्हणाले, "अहो दादा, देवाच्या डोळ्यात कुणी कुंकू घालतं का!" पोट धरून हसले होते ते. स्कॅनरची वायर आखूड, कॉम्प्युटर ऑफिसात, गठाणी मैदानात. त्यामुळे एखाद्या गठाणीबद्दल विचारायचं असलं की ते लेबल अलगद सोलून शर्टाच्या बाहीवर चिकटवत आणि हात माझ्यासमोर धरत. "पाहा बरं मॅडम, काय म्हनते." मी त्यांच्या बाहीवर लाल उजेड धरायची. टुक्.

त्या हिवाळ्यात भारनियमन वाढलं. प्रेस जनरेटरवर चालायची, ऑफिसला मात्र ती लाइन नव्हती. सकाळी नऊला वीज जायची ती दुपारी एकला यायची. चार तास गठाणी विनालेबल निघायच्या आणि मागून गोंधळ व्हायचा. मी डोकं लावलं. वीज जायच्या आधीच दिवसाची लेबलं छापून ठेवायची, त्याची पट्टी प्रेसजवळच्या खिळ्याला लटकवायची, एकेक काढून लावत जायचं. वजन मागून वहीवरून चढवता येत होतं. मालकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "पाहा, मॅडमनं अक्कल चालवली." मी फुगले. एक गोष्ट मात्र माझ्या या अकलेत आली नाही. त्या टेबलात गठाण दाबल्याची वेळ मी आपोआप पडेल अशी ठेवली होती. लेबल छापलं की घड्याळातली वेळ आपसूक बसायची. गठाण निघाली की लेबल छापायचं असं होतं तोवर ती वेळ खरी होती. आता लेबल सकाळी छापलं जात होतं, गठाण दुपारी निघत होती, आणि कॉम्प्युटर सगळ्यांना सकाळ म्हणत होता. कचेरीतल्या तीन पिढ्यांची मी, पिन तिरकी लागलेली मला दिसली नाही.

त्याच सुमारास मालकांनी दादांची हात लावण्याची रीत बंद केली. "दोन तास कायले वाया घालवता, मिस्त्री? कोणती गठाण कोणत्या टाइमाची हे मॅडमजवळ आहेच." दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "बराबर हाय. आता देव घरात आला, आमच्या हाताले कोन पुसते." गमतीनं म्हणाले होते. मीही हसले होते.

ठिणगी पडली त्या दिवशी वीज नव्हती. मी सकाळी ऐंशी लेबलं छापून दिली होती. साडेबाराला जेवणाची सुट्टी संपली, पाऊण वाजता जिनमध्ये धूर झाला, बायका ओरडत बाहेर आल्या, पाणी मारलं, विझलं. प्रेस सुरूच होती. सकाळच्या लेबलांतली पंधरा तेव्हा खिळ्याला लटकत होती, ती पुढच्या गठाणींना लागली, रीतीप्रमाणे पेन्सिलची रेघ मारून. एकला वीज आली आणि मी नवीन पट्टी छापली, ती त्यानंतरच्यांना लागली. संध्याकाळी मालक म्हणाले, ठिणगीनंतरच्या गठाणी सांगा. मी कॉम्प्युटरला विचारलं. त्यानं नव्या पट्टीचे नंबर दिले. त्या आजारी लाइनीत उभ्या केल्या. आणि मधल्या पंधरा, ज्यांच्या पोटात आग असण्याचा सगळ्यात जास्त संभव, त्या सकाळच्या म्हणून गोदामात गेल्या... माझ्या हातानं, म्हणजे माझ्या कागदानं.

दोन दिवस काहीच झालं नाही. थंडी मी म्हणत होती. प्रेसच्या आवारात एक तांबडी कुत्री होती, एरवी ती चहाच्या चुलीपाशी पडलेली असायची. तिसऱ्या सकाळी मी बसमधून उतरून येताना पाहिलं तर ती गोदामाच्या दारातल्या एका गठाणीला पाठ लावून मुटकुळं करून झोपली होती. मी म्हटलं, काय बाई ऐश आहे, रुईची गादी! रेजाबाया, तिथल्या मजूर बायका, त्या पण हसल्या. तासाभरानं गुलाबदादा माझ्या खोलीत आले. हसत नव्हते. बाहीवर लेबल होतं, मागं रुईचे तंतू लोंबत होते.

"मॅडम, हे पाहा बरं. थ्या कुत्रीच्या गठाणीचं हाय. मले वास येऊन राह्यला."

"कसला वास?"

"जळक्या चिंधीचा. अन् कोंबट लागते हाताले."

मी बाहीवर स्कॅनर धरला. टुक्. पडद्यावर वेळ आली: सकाळचे आठ पन्नास. "दादा, ही सकाळची आहे. ठिणगीच्या चार तास आधीची. हिला काय होणार?"

त्यांनी लेबलावर बोट ठेवलं. "पन याच्यावर रेघ हाय, मॅडम. जेवनानंतरची."

आता मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण हे लिहिण्यासाठीच बसले आहे. मी म्हणाले, "रेघ हातानं मारलेली आहे, दादा. हात चुकतो. हे चुकत नाही." आणि पडद्यावर टकटक केलं. लेबलाकडे मी धड पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे पाहिलं. "मंग मायंच चुकलं असन," ते म्हणाले. "नाकबी आता म्हतारं झालं." तंतू लागलेलं लेबल पुन्हा चिकटणार नव्हतं, म्हणून मी त्याच नंबराचं दुसरं छापून दिलं. ते घेऊन गेले. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी ते लेबल लावलं, गठाणीवर तळहात ठेवून जरा वेळ उभे राहिले, आणि प्रेसकडं गेले. कुत्री परत येऊन तिथंच झोपली.

पाचव्या दिवशी बाजार होता. दुपारी बायका लवकर जेवून बाजाराला जायच्या म्हणून गोदामाच्या ओसरीत बसल्या होत्या. मी डबा उघडला होता. आधी कुत्रीचं केकाटणं ऐकू आलं, मग दादांचा आवाज: "उठा! उठा व माय, बाहेर निघा!" धूर अजून दिसतही नव्हता. नाकानं त्यांना आधी सांगितलं होतं. बायका मैदानात पळाल्या. दादांनी लोखंडी आकडा मारून ती कुत्रीची गठाण ओढली, आणि दारातलं वारं लागताच तिच्या पोटातून एकदम ज्वाळ निघाली. कौसाबाई म्हणून एक म्हातारी रेजा होती, ठार बहिरी, ती मागं थप्पीच्या आडोशाला पदर घेऊन पडली होती. कुणाच्या ध्यानात नव्हतं. दादांच्या आलं. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मी मैदानात उभी होते, हातात पोळीचा घास तसाच. शेवटी ते कौसाबाईला पाठुंगळी घेऊन आले. तिला काही झालं नाही. ते खाली बसले आणि खोकायला लागले. तो खोकला मग कायमचा राहिला.

बंब येईपर्यंत अर्धं गोदाम गेलं होतं. संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी कॉम्प्युटर सुरू केला. ठिणगीच्या दिवसाची यादी काढली आणि वेळेचा रकाना वरून खाली पाहिला. ऐंशी गठाणी, आठ पंचेचाळीस ते आठ पन्नास. पाच मिनिटांत ऐंशी गठाणी कोणतीच प्रेस दाबत नाही. हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं, शाळेतल्या पोराला दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी मी काय केलं? प्रोग्राम दुरुस्त केला. गठाण निघताना स्कॅन होईल तीच वेळ धरायची, वीज नसेल तर वहीत लिहायची. गुपचूप दुरुस्त केला आणि कुणाला काही बोलले नाही.

आठवड्यानं चौकशीचे साहेब आले. दादा यवतमाळला दवाखान्यात होते, नाकाला नळी. जबाब तिथंच घ्यायचा होता आणि रेकॉर्ड माझ्याकडे, म्हणून मीही गेले. साहेबांनी माझ्या हातातला कागद पाहिला. "ही गठाण सकाळची दिसते. मग पेटली कशी? जुनं लेबल सोलून दुसरं लावल्याची नोंद आहे. जुनं कुठं आहे?"

"जयलं साहेब," दादा म्हणाले. मग दम घेतला. "सकाळची नसन थे. मीनं लेबल अदलाबदल केले असन. मायंच चुकलं."

तेच वाक्य. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. नाही साहेब, यांचं नाही चुकलं, एवढंच बोलायचं होतं. घरी बाबांना पाणी पाजायलाही माणूस लागत होता, नोकरी गेली तर उद्या काय, हे सगळं डोक्यात गरगरलं आणि मी बोलले नाही. दादा माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. साहेबांनी कागदावर सही घेतली आणि आम्ही निघालो.

त्यांना प्रेसवर परत घेतलं नाही. माझी नोकरी राहिली. बाबा गेले, मग जिनिंगही बंद पडलं आणि मी यवतमाळला दुसरीकडे लागले. दर दिवाळीला मात्र मी त्यांच्या तांड्यावर जायची, चिवडा-लाडूचा डबा घेऊन. प्रत्येक वेळी बसमध्ये वाक्य जुळवायची: दादा, त्या दिवशी रेघ बरोबर होती. आणि प्रत्येक वेळी ते खाटेवर उठून बसायचे, "या मॅडम, आमचा देव कसा हाय?" म्हणून कॉम्प्युटरची चौकशी करायचे, खोकायचे, आणि माझं वाक्य राहूनच जायचं. त्यांचा दम दरवर्षी तोकडा होत गेला. आधी विहिरीपर्यंत चालत, मग अंगणापर्यंत, मग खाटेवरच. मी मनात म्हणायची, पुढल्या दिवाळीला नक्की. असा अकरा वर्षं मी त्या माणसाचा श्वास मोजला, आणि एक वाक्य बोलले नाही. भित्री ती भित्रीच.

ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. विजयनं आईला हाक मारली, "याडी, मॅडम आल्या." शेवंताबाई बाहेर आल्या, माझ्याजवळ बसल्या. मग त्या उठून आत गेल्या आणि एक पत्र्याची डबी घेऊन आल्या, दादांची तंबाखूची. झाकणाच्या आतल्या बाजूला एक लेबल चिकटवलेलं होतं. पिवळं पडलेलं, कडेनं रुईचे तंतू. काळ्या रेघा, खाली नंबर, दोन्ही बाजूंना चांदणी. आणि सगळ्यांवरून गेलेली पेन्सिलची आडवी रेघ.

"म्हने, हे मॅडमले देजो," शेवंताबाई म्हणाल्या. "मी गेल्यावर. आंधी नोको देऊ."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हने, रेघ बराबर होती."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, बाई, मला सांगायचं होतं हो त्यांना, दरवर्षी सांगायचं होतं... त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्यायले मालूम होतं न. मी एक डाव म्हटलं, थ्या बाईले काही मालूम तरी हाय का तुमी कोनापायी नाव बुडवलं? तं म्हने, मालूम हाय व. म्हनून तं दर दिवाळीले येते."

मी विचारलं, मग साहेबांना का नाही दाखवलं हे? त्या सहज म्हणाल्या, "म्हने, आपल्यापाशी वावर हाय, पोरगा हाय. थ्या बाईपाशी बाप हाय अंथरुनावर, अन् एक कॉम्पुटर." इतकं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या.

विजयला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लिहून काढा मॅडम. लोकायनं वाचलं पाहिजे." म्हणून हे लिहिते आहे. गोदाम माझ्या चुकीनं जळलं. गुलाब राठोड मिस्त्रींच्या हातून कोणतीही गठाण चुकून गेली नाही. त्यांच्या नाकानं, हातानं आणि पेन्सिलीनं, तिघांनीही खरं सांगितलं होतं.

डबी माझ्या टेबलावर आहे. तंबाखूचा वास अजून येतो. मागच्या आठवड्यात ती पिशवीत घालून मी त्याच मार्टात गेले. काउंटरवर तीच बाई होती. मी झाकण उघडून तिच्यासमोर धरलं आणि म्हटलं, एवढं जरा लावून पाहता का? तिनं माझ्याकडे विचित्र पाहिलं, पण यंत्र धरलं. टुक्. रेघेवरूनही वाचलं त्यानं. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, यात असा कुठलाच माल दाखवत नाही. हे आमचं नाही. कुणाचं आहे हे?"

"माझं आहे," मी म्हणाले.